पीळ सोडवणारा मणी

रिपोर्ट चार पानांचा होता, पण ठळक अक्षरांत छापलेली ओळ एकच. जनुक: एसएनआरएनपी २००. ३२६० व्या अक्षराच्या जागी सी ऐवजी टी, म्हणून प्रथिनात १०८७ व्या जागी सेरीन ऐवजी ल्युसीन. मामेबहिणीनं त्या पानाचा फोटो काढून रात्री साडेअकराला मला पाठवला. खाली लिहिलं होतं, "ताई, बाबांचा रिपोर्ट आला. यातलं मला काही कळत नाही. आणि आमच्या लेकाला होईल का हे?"

मी बारावीला जीवशास्त्र शिकवते. डीएनए, मग आरएनए, मग प्रथिन हा धडा किती वेळा घेतला असेल त्याची गणती नाही. त्यात स्प्लायसिंगच्या वाट्याला दोन-तीन परिच्छेद येतात. मुलं ते पाठ करतात, पेपरात लिहितात, पुढे जातात. घरच्या माणसाच्या कागदावर तेच आलं तेव्हा तेवढ्यानं भागेना. म्हणून तिला जे समजावलं ते इथे सविस्तर लिहिते आहे. असा कागद हातात घेऊन बसलेली आणखीही घरं असतील.

आधी मामाबद्दल सांगते. तो कसबा पेठेतल्या वाड्यात वाढला. दिवसा चपळ आणि दिवेलागणीनंतर वेंधळा, अशी त्याची घरात ख्याती. विसर्जनाच्या रात्री आम्हा भाचरांना मिरवणूक दाखवायला तोच न्यायचा. लक्ष्मी रस्त्यावरच्या झगमगाटात तो अगदी व्यवस्थित असायचा, पण घराकडच्या बोळात वळलो की माझा हात घट्ट धरायचा. आम्हाला वाटायचं, आम्ही हरवू नये म्हणून धरतो. पर्वतीवर गेलो तर सूर्य मावळायच्या आत उतरायचं, हा त्याचा नियम होता. आजी त्याला गाजरं आणि शेवग्याचा पाला खाऊ घालून थकली. एका दवाखान्यात चष्म्याचा नंबर बदलून दिला, दुसरीकडे 'अ' जीवनसत्त्वाच्या गोळ्या दिल्या. चाळिशी उलटल्यावर एका डॉक्टरांनी थेंब घालून बाहुली मोठी केली, पडद्याच्या पार कडेपर्यंत पाहिलं, आणि तेव्हा कुठे आजाराचं नाव कळलं: रेटिनायटिस पिग्मेंटोसा.

गाजराचं इथेच सांगून टाकते. 'अ' जीवनसत्त्वाच्या कमतरतेनं रातांधळेपणा येतो हे खरं आहे, आणि तो जीवनसत्त्व दिल्यावर बरा होतो. मामाचा रातांधळेपणा तसला नव्हता. त्याच्या डोळ्याच्या पडद्यातल्या दंडपेशी, म्हणजे मंद उजेडात पाहणाऱ्या पेशी, हळूहळू मरत होत्या. आजीच्या खाऊ घालण्यात काही कमी पडलं नव्हतं. आणि असा आजार असताना गोळ्यांचा मारा मनानं करू नये. हे जीवनसत्त्व यकृतात साठत जातं आणि फार झालं तर अपाय करतं.

आता त्या ठळक ओळीकडे येते.

पेशीला एखादं प्रथिन करायचं असतं तेव्हा ती डीएनएमधल्या त्या जनुकाची, म्हणजे ए, टी, जी आणि सी या रासायनिक अक्षरांत लिहिलेल्या मजकुराची, आरएनए नावाची नक्कल काढते. ही पहिली नक्कल कच्ची असते. तिच्यात कामाचा मजकूर तुकड्यातुकड्यानं असतो आणि मधे लांबच लांब बिनकामाचे पट्टे असतात. कामाच्या तुकड्यांना एक्झॉन म्हणतात, मधल्या पट्ट्यांना इंट्रॉन. पट्टे काढून तुकडे एकमेकांना नेमके जोडायचे, याला स्प्लायसिंग म्हणतात. किती काढावं लागतं याचा अंदाज यावा म्हणून माणसाच्या डिस्ट्रोफिन या जनुकाचं उदाहरण देते. ते सुमारे २२ लाख अक्षरांचं आहे. पट्टे काढून झाल्यावर उरतात जेमतेम १४ हजार अक्षरं, तीही ७९ तुकडे जोडून. एका जोडात एक अक्षर इकडचं तिकडे झालं तर पुढचा सगळा मजकूर बिघडतो, कारण पेशी तो तीन-तीन अक्षरांच्या गटांनी वाचते.

हे कुणाच्या ध्यानीमनीही नव्हतं. जनुक म्हणजे सलग मजकूर, असंच सगळे धरून चालले होते. १९७७ मध्ये अमेरिकेत फिलिप शार्प आणि रिचर्ड रॉबर्ट्स यांच्या गटांनी, वेगवेगळ्या प्रयोगशाळांत, सर्दी-पडशाच्या एका विषाणूचा आरएनए त्याच्या डीएनएशी जुळवून पाहिला. जिथे जुळायला हवं तिथे डीएनएचे फास बाहेर लोंबत होते. आरएनएमध्ये तेवढा मजकूर नव्हताच. या शोधाला १९९३ चं नोबेल मिळालं.

हे काप-जोड करणारं यंत्र म्हणजे स्प्लायसिओसोम. एरवी एखादं यंत्र तयार उभं असतं आणि माल त्याच्याकडे येतो. इथे उलटं आहे. प्रत्येक पट्ट्यासाठी यंत्राचे भाग त्या जागी गोळा होतात, जुळतात, काम करतात आणि सुटून पुढच्या पट्ट्याकडे जातात. शंभरावर प्रथिनं यात हातभार लावतात. पण गाभ्यात असतात पाच छोटे आरएनए: यू-१, यू-२, यू-४, यू-५ आणि यू-६. यू-१ पट्ट्याची सुरुवात ओळखतो, यू-२ पट्ट्याच्या आतली एक खूण धरतो, यू-५ जोडायची टोकं सांभाळतो. प्रत्यक्ष कापण्याचं काम ज्याच्याभोवती चालतं तो यू-६.

यू-६ धारदार आहे आणि धारदार वस्तू उघडी ठेवत नाहीत. तो येतो तोच यू-४ शी पीळ घालून बांधलेला. दोघांची अक्षरं एकमेकांत अशी गुंतलेली असतात की यू-६ ला हलता येत नाही. म्हणजे यंत्र जागेवर आलं, सगळे भाग लागले, तरी कापाकापी सुरू होत नाही. आधी हा पीळ सुटावा लागतो. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, असं आपण हट्टी माणसाबद्दल म्हणतो. हा पीळही आपोआप जात नाही. तो सोडवायला एक एन्झाइम लागतं, आणि एसएनआरएनपी २०० हे त्या एन्झाइमचं जनुक आहे.

बहिणीला हे फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "पीळ कळला, पण सोडवतं म्हणजे करतं काय?" मग मी रविवार पेठेतून लाकडी मणी आणि लाल-पांढरी सुतळी घेतली आणि रविवारी मामाकडे गेले.

हा प्रयोग घरी करता येतो. एक लाल आणि एक पांढरी, हातभर लांबीच्या दोन सुतळ्या घ्यायच्या आणि त्यांना एकमेकींभोवती पीळ घालायचा. लालचं एक टोक चार बोटं मोकळं ठेवायचं. ज्याच्या भोकातून एकच सुतळी जेमतेम जाईल असा मणी घ्यायचा. मोकळं लाल टोक त्यात ओवायचं. लाल सुतळी ताणून धरायची आणि मणी पिळाच्या दिशेनं ढकलायचा. भोकात लाल मावते, पांढरीला जागाच नसते. मणी जसजसा पुढे सरकतो तसतशी पांढरी उलगडत बाजूला पडते, आणि मणी पार टोकाला गेला की पांढरी मोकळी होऊन टेबलावर पडते.

लाल म्हणजे यू-४, पांढरी म्हणजे यू-६ आणि मणी म्हणजे आपलं एन्झाइम. ते यू-४ च्या मोकळ्या भागावर चढतं आणि त्याच धाग्यावरून एकाच दिशेनं सरकत जातं. धागा त्याच्या अंगातल्या बोगद्यातून जातो आणि यू-६ बाहेरच्या बाहेर सोलून निघतो. अशा एन्झाइमांना हेलिकेज म्हणतात. सरकायला जोर लागतो. तो एटीपीतून येतो, आपला स्नायू आखडतो तोही त्याच इंधनावर. मोकळा झालेला यू-६ मग यू-२ शी आणि पट्ट्याच्या सुरुवातीशी जुळतो, आणि पट्टा निघतो. काम संपल्यावर पेशी यू-४ आणि यू-६ ला पुन्हा पीळ घालून पुढच्या खेपेसाठी ठेवते.

जनुकाच्या नावाचीही फोड करून सांगते. एसएन म्हणजे छोटं आणि पेशीच्या केंद्रकातलं, आरएनपी म्हणजे आरएनए आणि प्रथिन मिळून झालेला जुडगा, आणि २०० हे प्रथिनाचं ढोबळ वजन, किलोडाल्टन या मापात. प्रथिन मोठंच आहे, २१३६ अमिनो आम्लांची, म्हणजे प्रथिन ज्यांचं बनतं त्या छोट्या घटकांची, साखळी. जनुक आपल्या दुसऱ्या क्रमांकाच्या गुणसूत्रावर बसतं. मला यातली एक गोष्ट फार विलक्षण वाटते. या जनुकाच्या कच्च्या नकलेतही इंट्रॉन आहेत. म्हणजे हे एन्झाइम तयार व्हायचं तर आधीच्या एन्झाइमनं पीळ सोडवून त्याचा मजकूर जोडून द्यावा लागतो. आईनं वाढवलेल्या मुलीनं पुढे आई व्हावं, तसं हे पेशीत अखंड चालू आहे.

यीस्टमध्ये, म्हणजे पावाचं पीठ फुगवणाऱ्या किण्वात, याच जनुकाचं भावंड आहे. त्याचं नाव बीआरआर-२. अमेरिकेत क्रिस्टीन गथ्री यांच्या प्रयोगशाळेत स्प्लायसिंगची नवी जनुकं शोधायला एक युक्ती केली होती. पिळाला पीळ बसलेले आरएनए थंडीत जास्त घट्ट धरून राहतात. तेव्हा ज्या यीस्टमध्ये सोडवणारं यंत्र अधू आहे ते उबेत कसंबसं जगेल, पण थंडीत अडकेल. थंडीत न वाढणारी यीस्ट वेचून त्यांनी जी जनुकं शोधली त्यांना नाव दिलं 'रेफ्रिजरेशनला वाईट प्रतिसाद', त्याची इंग्रजी आद्याक्षरं बीआरआर. ही १९९६ ची गोष्ट. पीळ सोडवणारं ते हेच, हे १९९८ मध्ये यीस्टमध्ये आणि माणसाच्या प्रथिनावरही दाखवलं गेलं. यीस्ट आणि आपण शंभर कोटी वर्षांपूर्वीच वेगळे झालो. तरी मणी तोच राहिला.

मामाकडच्या टेबलावर प्रयोग झाल्यावर बहिणीनं नेमका प्रश्न विचारला. "ताई, मणी जर पिळाशेजारीच बसलेला असतो तर तो आधीच का नाही सरकत? यंत्र जागेवर येण्याआधीच यू-६ सुटला तर?"

वर्गात हा प्रश्न मला अजून कुणी विचारलेला नाही. आणि धोका खराच आहे. हे एन्झाइम ऐनवेळी येत नाही, ते यू-४, यू-६ आणि यू-५ यांच्या जुडग्यात आधीपासूनच असतं. वेळेआधी पीळ सुटला तर सगळा जुडगा फुकट. त्याला आवरून धरणारं एक प्रथिन शेजारीच असतं, पीआरपीएफ ८. त्याला लांब शेपूट आहे. २०१३ मध्ये त्या दोघांची रचना एकत्र पाहिली तेव्हा दिसलं की ती शेपटी थेट मण्याच्या बोगद्यात घुसून बसते. धागा जायचा तिथे बूच! मी उदबत्तीची काडी मोडून मण्याच्या भोकात बसवली आणि बहिणीच्या हातात दिली. सुतळी आत जाईना. वेळ आली की शेपटी निघते, धागा आत येतो, काम सुरू होतं. ज्या कुटुंबांत पीआरपीएफ ८ मधल्या चुकीमुळे डोळ्यांचा हाच आजार येतो, त्यांतल्या कितीतरी जणांत चूक नेमकी त्या शेपटीच्या भागात सापडते. म्हणजे कुणाचा मणी अधू, कुणाचं बूच अधू, आणि डोळ्यांत होतं ते सारखंच.

मामाचा मणी अधू आहे. १०८७ वी जागा बोगद्याच्या आतल्या बाजूला, जिथून धागा सरकतो तिथे आहे. तिथे सेरीन हे अमिनो आम्ल हवं. सेरीन लहान असतं आणि पाण्याशी त्याचं जमतं. ल्युसीन त्याहून मोठं आणि तेलकट वळणाचं, पाण्यापासून दूर राहणारं. मण्याच्या भोकात आतून एक बारीकसा खवला उभा राहिला तर सुतळी जशी अडकत जाईल, तसं होतं. हाच बदल, हीच १०८७ वी जागा, २००९ मध्ये एका चिनी कुटुंबात सापडली, आणि त्यावरूनच या जनुकाचं रेटिनायटिसशी नातं पहिल्यांदा कळलं. त्याच अभ्यासात तोच बदल यीस्टमध्ये करून पाहिला तेव्हा पीळ नीट सुटत नाही असं दिसलं. कसबा पेठेतला माणूस आणि चीनमधलं ते कुटुंब, एवढ्या लांबच्या दोन घरांत तेच एक अक्षर बदललेलं! मामा हे ऐकून बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "म्हणजे मी काही केलं म्हणून नाही झालं." तरुणपणी छापखान्यात रात्रपाळ्या केल्या म्हणून डोळे गेले, असं तो तीस वर्षं मनाशी धरून होता.

नाही मामा. साखळीचा मजकूर ६४०८ अक्षरांचा आहे. त्यातलं एक अक्षर तू जन्मलास तेव्हाच वेगळं होतं.

मग सगळ्या पेशींत हा मणी असताना फक्त डोळाच का गेला? हृदय, यकृत, मेंदू ठणठणीत कसे? यावर शास्त्रज्ञांचं अजून एकमत नाही. मला पटणारं कारण असं. पडद्यातल्या दंडपेशीच्या टोकाला प्रकाश पकडणाऱ्या चकत्यांची चवड असते. ती रोज वरून झिजते आणि खालून नवी येते, आणि दहाएक दिवसांत पूर्ण बदलते. एवढं प्रथिन रोज करायचं म्हणजे स्प्लायसिंगची मागणी प्रचंड. मामाच्या प्रत्येक पेशीत या जनुकाच्या दोन प्रती आहेत, एक चांगली आणि एक अधू. दुसऱ्या पेशींचं तेवढ्यावर निभतं. दंडपेशी मात्र रोजच्या घाईत मागे पडते आणि वर्षानुवर्षं मागे पडत अखेर मरते. या गटातली आणखीही काही जनुकं, पीआरपीएफ ३, पीआरपीएफ ६, पीआरपीएफ ३१ ही त्यांपैकी, बिघडली की असंच डोळ्यांवर येतं. सगळीच त्या पीळ घातलेल्या जुडग्याची माणसं.

दंडपेशी पडद्याच्या मध्यापासून दूर, कडेकडे दाट असतात. म्हणून आधी अंधारातली नजर जाते, मग बाजूचं दिसेनासं होतं, आणि मधली नजर शेवटपर्यंत टिकते. मामा आजही सकाळी पेपर वाचतो. त्याच वेळी पायाशी ठेवलेलं स्टूल त्याला दिसत नाही. बाहेरच्यांना हे कळत नाही. "वाचता येतं की, मग काठी कशाला?" असं त्याला तोंडावर विचारलेलं मी ऐकलं आहे. म्हणून हे माहीत असावं: दिव्यांगांच्या २०१६ च्या कायद्यात फक्त तक्त्यावरची अक्षरं मोजत नाहीत, नजरेचा घेरही मोजतात. घेर ४० अंशांच्या आत आला तर अल्पदृष्टी आणि १० अंशांच्याही आत आला तर अंधत्व धरलं जातं. युडीआयडी कार्डासाठी, म्हणजे दिव्यांगांच्या सरकारी ओळखपत्रासाठी, जाताना घेराची तपासणी, म्हणजे पेरिमेट्री, करून घ्या आणि तो आलेख सोबत न्या. मामाचं कार्ड त्या आलेखावर झालं.

उपचाराबद्दल खोटी आशा दाखवायची नाही. डोळ्यात जनुक सोडण्याचं एक औषध २०१७ मध्ये अमेरिकेत मंजूर झालं, पण ते आरपीई ६५ या वेगळ्या जनुकासाठी आहे. मामाच्या जनुकासाठी तसं करण्यात दोन अडचणी आहेत. जनुक वाहून नेणाऱ्या विषाणूच्या पोटात साधारण ४७०० अक्षरं मावतात, आणि आपला मजकूरच ६४०० च्या वर. शिवाय इथे चांगली प्रत आधीच आहे, आणखी एक घालून अधू प्रतीचा त्रास थांबेलच असं नाही. तेव्हा आज हाताशी आहे ते म्हणजे नियमित तपासणी, मोतीबिंदू किंवा पडद्याची सूज आली तर तिच्यावर वेळेत उपचार, आणि काठी घेऊन चालण्याचं प्रशिक्षण. "अमुक काढ्यानं पडदा उजळतो" असं सांगून पैसे घेणारे भेटतील. त्यांना घराबाहेरूनच परत पाठवा.

आणि लेकाचं? मामाच्या दोन प्रतींपैकी एक बहिणीकडे आली. कोणती आली ते आम्हाला अजून माहीत नाही. शक्यता निम्मी-निम्मी. तिच्याकडे चांगली प्रत आली असेल तर विषय तिथेच संपला, लेकाकडे अधू प्रत येण्याचा प्रश्नच नाही. अधू आली असेल तर लेकाची शक्यता पुन्हा निम्मी. प्रत्येक मुलाच्या वेळी नाणं नव्यानं उडतं, एकाला झालं म्हणून दुसरा सुटत नाही. आमच्या आजीला रात्री नीट दिसायचं, आणि आजोबा चाळिशीतच गेले, त्यामुळे मामाकडे हे कुठून आलं ते कळायला मार्ग नाही. पीआरपीएफ ३१ च्या कुटुंबांत तर अधू प्रत असूनही काही जणांना आयुष्यभर त्रास होत नाही, आणि आजार एक पिढी गाळून आल्यासारखा दिसतो. म्हणून रिपोर्टवर कोणतं जनुक आहे ते पाहिल्याशिवाय "आमच्यात नाही कुणाला" यावर विसंबू नये.

लेक नऊ वर्षांचा आहे आणि त्याला काही त्रास नाही. अशा लहान मुलाची जनुक तपासणी सहसा करत नाहीत. मोठा झाल्यावर स्वतःबद्दल जाणून घ्यायचं की नाही, हे त्यानं ठरवायचं असतं. त्याचे डोळे मात्र वेळोवेळी तपासून घ्यायचे. आधी बहिणीची रक्त तपासणी, तीही समुपदेशकाशी बोलून, तिची इच्छा असेल तर. बुधवारी आम्ही दोघी जाणार आहोत.

आम्ही हे बोलत होतो तोवर मामानं टेबलावरची सुतळी चाचपून उचलली होती. छापखान्यातल्या हातांना दोरीची सवय. त्यानं न बघताच पीळ घातला, लाल टोक बोटांनी शोधलं, मण्यात ओवलं. त्या मण्यात उदबत्तीची काडी अजून तशीच होती. ती त्यानं नखानं बाहेर काढली आणि मणी नातवाच्या हातात दिला. "ढकल आता. हळू."